टाकीखालचा ओघळ

पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणाऱ्या त्या गृहस्थांना ऑफिसात सगळे मिलीमीटरराव म्हणत. जमिनीखालून जाणारा नळ कागदावर अर्धा मिलीमीटर जरी इकडचा तिकडे झाला, तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. नाव ठेवणाऱ्यांनी थट्टेनेच ठेवलं होतं, पण त्यांना ते मनातून आवडायचं. कोणी तसं पुकारलं की ते चष्मा वर सरकवून प्रसन्नपणे "बोला" म्हणत.

घरी त्यांचा जीव एका काचेच्या कपाटात होता. वरच्या तीन फळ्यांवर ट्रक, खालच्या दोन फळ्यांवर विमानं. ट्रक खऱ्या ट्रकच्या चोवीस पट लहान, विमानं बहात्तर पट. किटचा खोका आणायचा, प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग पातीने सोडवायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, चिमट्याने धरून भाग चिकटवायचे, मग रंग, मग पाण्यात भिजवून चिकटवायचे ते नखाएवढे आकडे आणि पट्टे. एका ट्रकला चार-पाच महिने सहज जात. कुठला भाग कुठल्या तारखेला बसवला, कुठल्या डबीतला रंग, किती हात दिले, हे सगळं एका जाड वहीत लिहिलेलं. अशी तीस वर्षं चालली होती.

आणि त्या तीस वर्षांतला प्रत्येक ट्रक नवाकोरा होता. अशी किट जोडणाऱ्या हौशी लोकांचं गावात एक मंडळ होतं. त्यातले इतर लोक आपल्या गाड्यांना रंगाने गंज चढवत, चिखल उडवत, काचेला तडा पाडत. मिलीमीटररावांना ते पाहवत नसे. "चार महिने खपून गाडी बनवायची आणि मग घाण करायची? कशासाठी?" असं ते म्हणत. त्यांच्या ट्रकांनी रस्ता कधी पाहिलेलाच नव्हता.

म्हणून त्या शनिवारी सकाळी प्रदर्शनासाठी लाकडं वाहणारा निळा ट्रक काढायला त्यांनी कपाट उघडलं, ट्रक हातात घेतला, आणि तो तसाच उजेडात धरला.

ट्रक मळलेला होता.

आधी वाटलं, धूळ असेल. त्यांनी मऊ ब्रश फिरवला. धूळ हलली नाही. मग ते खिडकीशी गेले, भिंग लावलं, आणि बघतच राहिले. चाकांवरच्या पत्र्याखाली वाळलेला चिखल होता. बाहेरच्या कडेला पातळ, आत जाड, जसा खऱ्या ट्रकला बसतो तसा. दरवाजाच्या खिडकीखालचा निळा रंग झिजून फिका झाला होता. डिझेलच्या टाकीच्या झाकणापासून एक काळपट, किंचित ओलसर चमकणारा ओघळ खाली उतरला होता आणि टाकीच्या पोटाशी येऊन दोन थेंबांवर थांबला होता. मागचे प्लॅस्टिकचे ओंडके जाऊन त्यांच्या जागी खऱ्या काटक्या आल्या होत्या, सालीसकट.

ट्रक उलटा केला. खाली त्यांच्याच अक्षरात तारीख. ट्रक त्यांचाच होता.

"अगं!" त्यांनी हाक मारली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. ती एका दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी सात ते दुपारी दोन, तिथे ती कवळ्या आणि कॅपा बनवायची. शनिवारी सुट्टी असायची. तिच्या हातात चाळणी होती.

"कपाटाला कोणी हात लावला होता का?"

"तुमच्या कपाटाला कोण हात लावणार?"

"हा ट्रक बघ."

तिने लांबूनच पाहिला. "छान आहे की."

"छान आहे, पण हा असा नव्हता."

"मला बाई त्यातलं काही कळत नाही," असं म्हणून ती आत गेली. हे वाक्य तिने गेल्या तीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की ते त्यांना भिंतीवरच्या घड्याळाच्या आवाजासारखं झालं होतं; कानावर पडायचं, ऐकू यायचं नाही.

त्यांनी वही काढली. निळा ट्रक: निळ्या रंगाचे दोन हात, मग चकाकीचा एक. चिखलाचा उल्लेख नाही, ओघळाचा नाही, काटक्यांचा तर सुतराम नाही. त्यांनी पानं पुढेमागे उलटली. मधलं एखादं पान फाटलंय का, ते मोजून पाहिलं. एकही पान कमी नव्हतं.

घरात माणसं दोन. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. सहा महिन्यांत आलेली नाही. त्यांनी तिला फोन लावला.

"बाबा, मी तुमच्या ट्रकला हात लावीन? लहानपणी एकदा चाक फिरवलं होतं, तर तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात."

"तसं नव्हे गं. पण आठवून बघ."

"काय आठवून बघू? मी तिथे नव्हतेच!"

फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसून राहिले. बायकोला कळत नाही, लेक इथे नाही, चोर येऊन ट्रक मळवून जात नाही. मग उरलं कोण? उरले ते स्वतः. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी नळ बंद केला की नाही ते आठवेना, मग पेपर वाचला की नाही ते आठवेना, आणि शेवटी शेवटी स्वतःच्याच दारात उभा राहून तो शेजाऱ्याला विचारायचा, इथे कोण राहतं हो?

पण भाऊ विसरत होता, तेव्हा त्याची कामं बिघडत होती. इथे तर काम सुधारलं होतं. भिंगातून पाहताना ते त्यांना पुन्हा पुन्हा मान्य करावं लागत होतं. असा हात त्यांना जन्मात साधला नव्हता. जे आपल्याला जागेपणी येत नाही, ते आपण विसरून कसं करू? या प्रश्नापाशी त्यांचं डोकं भंजाळून जायचं.

सोमवारी अर्धी रजा टाकून ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ट्रकचं सांगायची लाज वाटली, म्हणून नुसतं "हल्ली विसरायला होतं" एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग कोरा कागद पुढे केला. "यावर एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

मिलीमीटररावांनी खिशातून पेन्सिल काढली. टोक पाहिलं, आवडलं नाही, दुसरी काढली. डॉक्टरांच्या टेबलावरची औषधाची गोल डबी उलटी ठेवून वर्तुळ आखलं, मध्यबिंदू काढला, साठही रेषा मारल्या. तास-काटा अकराच्या किंचित पुढे सरकवला, कारण दहा मिनिटांत तो तेवढा सरकतो. बाहेर रोगी खोळंबले होते.

"पुरे, पुरे!" डॉक्टर हसून म्हणाले. "माझ्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा हे बरं आहे. तुम्हाला काही झालेलं नाही."

"पण मग..."

"मग काय?"

"काही नाही," ते म्हणाले. ठणठणीत असल्याचं ऐकून त्यांचा गोंधळ कमी होण्याऐवजी दुप्पट झाला होता. आजारी असते तर निदान उत्तर तरी मिळालं असतं.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. "डॉक्टरांकडे जाऊन आलो."

तिचा घास हातातच राहिला. "कशासाठी?"

"दादासारखं तर होत नाही ना, ते बघायला."

"मग? काय म्हणाले?"

"सगळं ठीक आहे म्हणाले."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली. तांब्या भरलेला होता, हे त्यांनी पाहिलं. पण त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

मग त्यांनी पहारा बसवला. ऑफिसला जाताना कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून एक काळा दोरा चिकटवायचे. संध्याकाळी येऊन भिंगाने बघायचे. दोरा जागच्या जागी. मंगळवारी जागच्या जागी, बुधवारी जागच्या जागी. गुरुवारी दोरा तसाच पाहून त्यांनी निःश्वास सोडला, आणि दार उघडलं तर खालच्या फळीवरचं दोन पंख्यांचं मालवाहू विमान धुरकटलं होतं. दोन्ही इंजिनांच्या नळ्यांमागे पंखांवर काजळीचे पट्टे उमटले होते. मुळाशी काळे, मागे जाता जाता करडे, आणि शेवटी कुठे संपले ते कळू नये असे. दाराखाली, जिथे माल चढवणारे पाय देतात, तिथला रंग घासला गेला होता.

मिलीमीटरराव जमिनीवरच बसले. दोरा शाबूत, कपाट बंद, विमान उडून आलेलं.

ते तसेच अर्धा तास विमान हातात धरून बसले होते. भीती होतीच, पण भीतीच्या वर आणखी काहीतरी होतं. काजळीचा पट्टा ते पुन्हा पुन्हा तिरपा धरून पाहत होते. इंजिनाच्या आतल्या बाजूचा पट्टा बाहेरच्यापेक्षा थोडा आखूड होता. पंखा फिरतो त्या बाजूला हवा धूर ढकलते, म्हणून. हे कोणाच्या लक्षात आलं असेल? "वा," ते स्वतःशीच म्हणाले, आणि आपणच आपल्याला वा म्हणतोय की दुसऱ्या कोणाला, हे न कळून पुन्हा पट्टा पाहू लागले. बायको दारातून डोकावून गेली.

रविवारी मंडळाचं प्रदर्शन होतं. एका शाळेच्या मोठ्या दालनात टेबलं मांडलेली, त्यावर पांढरे कागद, आणि कागदांवर शंभरेक गाड्या, विमानं, एकदोन जहाजं. मंडळाचे अध्यक्ष कप्तान दारातच उभे होते. कप्तानांनी आयुष्यात एकही विमान उडवलं नव्हतं. तीस वर्षं विमानांची चाकं बदलली होती. पण मिशा अशा होत्या की दुसरं नाव शोभलंच नसतं.

मिलीमीटररावांनी स्पर्धेसाठी एक स्वच्छ पिवळा टँकर आणला होता. निळा ट्रक वेगळ्या खोक्यात होता, फक्त कप्तानांना दाखवून सल्ला घ्यायला. त्यांनी खोका उघडला.

कप्तानांनी ट्रक पाहिला, मग मिलीमीटररावांकडे पाहिलं, मग परत ट्रककडे. "लेका," ते म्हणाले, "तीस वर्षं आम्हाला उल्लू बनवलंस? म्हणे घाण करायची कशासाठी!"

"अहो, ऐका तरी. हा मी..."

"एक अक्षर बोलू नकोस." कप्तानांनी ट्रक उचलला आणि स्पर्धेच्या टेबलावर मधोमध नेऊन ठेवला. पिवळा टँकर उचलून खोक्यात घातला. चिठ्ठीवर मिलीमीटररावांचं नाव लिहिलं. हे सगळं इतक्या झपाट्याने झालं, की मिलीमीटररावांना अडवायला सुचेपर्यंत त्यांच्याभोवती दहा माणसं जमली होती आणि त्यातली सहा त्यांच्या पाठीवर थापा मारत होती.

गर्दीत एक भरदार अंगाचा माणूस होता. दालनातली टेबलं त्याच्याच ट्रकमधून आली होती, आणि परत न्यायला वेळ होता म्हणून तो आत फिरत होता. निळ्या ट्रकपाशी येऊन तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"दरवाजाचा रंग हा इथेच जातो," तो म्हणाला. "कोपर ठेवून ठेवून." त्याने आपला उजवा कोपर वर करून दाखवला, कातडी काळवंडून टणक झाली होती. "तुम्ही ड्रायव्हर होता का हो?"

"नाही. मी नळांचे नकाशे काढतो."

"मग हे तुम्हाला कसं माहीत?"

"मला माहीत नाही," मिलीमीटरराव अगदी खरं बोलले.

ड्रायव्हर हसला. लोक हसले. ही माणसं किती नम्र असतात, असं कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात परीक्षक आल्या. संग्रहालयात प्रतिकृती बनवणाऱ्या त्या बाई होत्या. बारीक चणीच्या, गळ्यात भिंग, बोलणं मोजकं. त्यांनी ट्रक चारी बाजूंनी पाहिला. भिंगातून टाकीपाशी आल्या आणि थांबल्या.

"हा ओघळ कसा केलात?"

मंडळातल्या एकाने खिशातून कागद-पेन्सिल काढली.

"त्याचं असं आहे," मिलीमीटरराव म्हणाले, "की... म्हणजे तो... झाला."

"झाला?"

"माझ्याकडून नाही. म्हणजे माझ्याकडूनच झाला असणार. पण मला आठवत नाही." तीस वर्षांची वही डोळ्यांपुढे आली आणि तिच्यात हे पान नव्हतं.

परीक्षक बाईंना वाटलं, गृहस्थ आपली युक्ती लपवताहेत. त्या जरा रुक्षपणे म्हणाल्या, "हरकत नाही, मी सांगते. तेलरंगाचा ठिपका खाली दिलाय आणि ब्रश टाकीवर खालून वर ओढत नेलाय."

"छे!" मागून आवाज आला. "वरून खाली. थेंब कधी खालून वर चढतो का? आणि तेलरंग नाहीच आहे तो."

दालनभर सगळी डोकी वळली. मिलीमीटररावांची सर्वात शेवटी वळली. दाराशी, त्यांचा विसरलेला डबा हातात घेऊन, त्यांची बायको उभी होती. बोलून गेल्यावर तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं होतं; पण बोललेलं परत आत जाणार नव्हतं.

"मग काय आहे?" परीक्षक बाईंनी विचारलं. त्यांचा रुक्षपणा कुठल्या कुठे गेला होता.

"कवळीला शेवटी चमक आणायला एक द्रव लावतो आम्ही. त्यात जराशी काजळी. टोकदार सुईने एकेक थेंब सोडायचा आणि ट्रक उभा धरायचा. तो आपणच उतरतो. ओढायचा नाही."

"आणि चिखल?"

"दात घासून गुळगुळीत करायची राखाडी भुकटी असते. ओली करून, बोटाने." ती आता पुढे आली होती. "हा आरसा बघा, हा पण मूळचा नाही. कवळीला जी तार लावतो, ती ठोकून सपाट करून केलाय."

मिलीमीटरराव एकदा तिच्याकडे, एकदा ट्रककडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून ड्रायव्हरने मुकाट्याने एक खुर्ची त्यांच्या मागे सरकवली. ते बसले.

पहिलं बक्षीस निळ्या ट्रकलाच मिळालं. पण कोणाला, यावर मंडळात काथ्याकूट सुरू झाला. नियम होता, एक गाडी, एक कारागीर. जोडणी एकाची, मळवणी दुसऱ्याची, असं कधी कोणी आणलंच नव्हतं. कप्तान मिशीला पीळ देत येरझाऱ्या घालू लागले. प्रमाणपत्रं लिहिणारा पेन उघडून बसला होता. शेवटी तो मिलीमीटररावांकडे वळला. "साहेब, नाव काय घालू?"

आयुष्यात एकाही नकाशावरची नावाची चौकट मिलीमीटररावांनी रिकामी सोडली नव्हती. "मला विचारू नका," ते म्हणाले. "मला आत्ता माझंही नाव नक्की सांगता येणार नाही."

म्हणून प्रमाणपत्रावर नाव न घालताच ते त्यांच्या हाती पडलं.

दोघं बसस्टॉपच्या बाकावर बसले होते. मध्ये खोके. बस यायला वेळ होता.

"पतंग मरून पडला होता कपाटात," बायकोनेच सुरुवात केली. "महिना झाला, काचेतून दिसत होता. एका दुपारी म्हटलं, तेवढा काढावा. हाताचा धक्का लागला आणि ट्रक खाली आला. आरसा तुटला, ओंडके सुटले, दरवाजा फरशीवर घासून पांढरा पडला."

"मग सांगायचं."

"तुम्हाला? लेकीने चाक फिरवलं तर दोन दिवस बोलला नाहीत."

ते खोक्याची दोरी सारखी करत राहिले.

"दरवाजाला निळा लावून पाहिला. तो ठिगळासारखा दिसायला लागला. एक दात नवा बसवला की बाकीचे पिवळे दिसतात ना, तसं. मग नव्याला जरा मळवलं. तर तेवढाच दरवाजा मळका आणि बाकी गाडी लखलखीत! मग काय करणार, सगळीच मळवावी लागली."

"आणि विमान? ते पण पडलं?"

समोरून एक सिमेंटचा टँकर गेला. तिची नजर त्याच्या मागच्या चाकांबरोबर गेली.

"विमान पडलं नव्हतं," ती म्हणाली.

"दोरा?"

"तो तुम्ही तिरका लावायचात. तसाच तिरका परत लावायचे. लॅबमधलं मेण असतं, त्याने."

मिलीमीटररावांच्या मनात इतक्या गोष्टी एकदम उसळल्या, की कुठली आधी बोलावी ते कळेना. राग होता, तो शोधून त्यांनी हातात धरला. "मी डॉक्टरांकडे जाऊन घड्याळ काढून आलो. दादासारखा होणार म्हणून आठवडाभर तोंडात घास फिरत होता माझ्या. आणि तू समोर बसून ऐकत होतीस!"

"हो," ती म्हणाली. "ते चुकलं माझं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी सांगणारच होते. संध्याकाळी तुमच्यामागे दारात येऊन डोकावले होते. तर तुम्ही विमान घेऊन बसला होतात. तिरपं करून बघत होतात. वा म्हणालात."

"म्हणालो."

"सव्वीस वर्षं मी दात बनवतेय. कुणाचा पुढचा, कुणाची अख्खी कवळी. बसवून झाल्यावर माणूस आरसा मागतो आणि स्वतःलाच बघतो. डॉक्टरचे आभार मानतो. माझ्या कामाकडे कोणी असं अर्धा तास पाहिलेलं नाही. दिसलं की ते फसलं, असंच काम आहे आमचं. मला वाटलं, आणखी एक दिवस बघू देत."

बस आली. ते उठले नाहीत. बसवाल्याने भोंगा वाजवला, वाट पाहिली आणि तो निघून गेला.

मिलीमीटररावांनी हातात धरलेला राग अजून होता; पण तो आता कुठल्या बाजूने धरायचा हे कळत नव्हतं. फसवलं म्हणून रागवावं, तर तीस वर्षांत एकदाही न विचारल्याचं मध्ये येत होतं. कौतुक करावं, तर डॉक्टरांच्या खोलीतला तो कागद आठवत होता.

"इंजिनाच्या आतल्या बाजूचा पट्टा आखूड का केलास?" शेवटी ते एवढंच म्हणाले.

"पंखा तिकडून फिरतो ना," ती म्हणाली. "तुम्हीच एकदा जावयाला सांगत होतात. मी भांडी पुसत होते."

घरचे पुढचे काही दिवस विचित्रच गेले. दोघं एकमेकांशी जरा जास्तच जपून बोलत. कपाटावरचा दोरा त्यांनी काढून टाकला, पण कपाट उघडायला दोघंही जात नव्हते. बुधवारी त्यांनी पुन्हा अर्धी रजा टाकली. खात्यातल्या शिपायाने विचारलं, "परत डॉक्टर?" ते म्हणाले, "नाही. जरा एक जागा बघायची आहे."

लॅब एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. ती तिथे लागून सव्वीस वर्षं झाली, तरी ते कधी वर चढले नव्हते. रजेच्या दिवशी पाऊस असला की खाली छत्री घेऊन उभे राहत. वर आले तर एक लांबट खोली, खिडकीला लागून टेबलांची रांग, गिरमिटासारख्या यंत्रांची घरघर, आणि हवेत तापलेल्या मेणाचा वास. चार बायका आणि एक म्हातारे गृहस्थ वाकून काम करत होते. प्रत्येकापुढे प्लास्टरचे जबडे. त्यांची बायको शेवटच्या टेबलाशी होती. डोळ्याला तिने त्यांच्यापेक्षा चांगलं भिंग लावलं होतं.

"तुम्ही?" ती अर्धवट उठली. "घरी काही झालं का?"

"नाही, नाही. बस तू. मी नुसता बघतो."

ती बसली, पण तिला हात चालवता येईना. शेजारच्या बायका मान खाली घालून हसू दाबत होत्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी एक स्टूल सरकवलं. मिलीमीटरराव बसले. समोर पत्र्याच्या पट्टीवर सोळा दात ओळीने लावलेले होते.

"हे कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत. छटा आहेत. माणसाच्या दाताशी लावून बघायचं, कुठली जुळते ते."

"पण हे सगळे सारखेच आहेत."

आता शेजारची बाई उघड हसली. बायको हसली नाही. तिने पट्टीतून दोन दात काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. "सांगा, यातला पिवळट कोणता?"

त्यांनी भिंग मागून घेतलं. पाहिलं. जन्मभर अर्धा मिलीमीटर ओळखणारे त्यांचे डोळे, त्यांना काहीच दिसेना. "हा," त्यांनी अंदाजाने सांगितलं.

"तो करडा आहे."

"करडा? कुठे करडा आहे?"

"कडेला बघा. मधे नाही बघायचं."

त्यांनी कडेला पाहिलं. आधी नाही, मग वाटलं काहीतरी आहे, मग वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि दोन्ही दात तळहातावर सांभाळत उठले. "जरा उजेडात जाऊन बघतो," असं म्हणून ते खिडकीशी गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले.

बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती आपल्या कामाकडे वळली.